समाचाराची घाई

कुमासी, ३ ऑगस्ट

चि. क्वाकू यास न्यामेकयेमामाचे पोटभर आशीर्वाद, आणि सोबत एक गंभीर तक्रार.

इंटरनेटवरच्या जाहिरातीच्या मथळ्याला ज्यानं तीस अक्षरांची मर्यादा घातली, तो आपल्याकडच्या मयताला कधी गेलेला नसावा. अल्पाक्षरत्व हा सूत्रकारांचा गुण खरा. पण आपल्यात माणूस गेला एवढं सांगायलाच चार वडीलधारे, एक बाटली आणि अर्धी दुपार लागते.

तरी तुझी विद्या फळली. पूर्वी शोकवस्त्र शोधणारे माझ्या जाहिरातीवर क्लिक करायचे, त्या क्लिकचे पैसे माझ्या खिशातून जायचे, आणि ही मंडळी ऑनलाइन दुकानात कापड पाहून परत फिरायची. मयताला येऊन नुसता भात खाऊन जाणाऱ्या पाहुण्यांसारखी. तू सांगितल्याप्रमाणे शोधणाऱ्यानं लिहिलेलं गेलेल्या माणसाचं नावच मथळ्यात उमटायची सोय केली. आता क्लिक करणारा कापड घेऊनच जातो, आणि दुकान मला कमिशन देतं.

कोण काय शोधतं त्याची यादी मला दिसते, तिच्यातूनच एक घोटाळा झाला. गेल्या आठवड्यात कुणीतरी 'ऑर्गनवाले ओदुरो, बान्तामा, घराण्याचं शोकवस्त्र' असं शोधलं आणि घेतलंही. आपल्या चर्चचा, बान्तामा वस्तीतला ओदुरो! मी काळं वस्त्र खांद्यावर टाकून समाचाराला गेलो. दार ओदुरोनंच उघडलं, तोंडात घास. म्हणाला, या मास्तर, कोण गेलं? मी म्हटलं, अजून ठरलं नाही. तो खूप हसला, मला फुफू वाढलं.

काल, रविवारी, तो गेला.

तुझ्या आईला मी यातलं काही बोललो नाही. एका घरात राहून ती मला आधीच अर्धवट समजते. लोभ आहे तेवढा पुरवून वापर.

तुझा मामा

अक्रा, ६ ऑगस्ट

ती. मामांना क्वाकूचा वाकून नमस्कार.

पत्र वाचून ऑफिसात मोठ्यांदा हसलो, आणि शेवटाला आल्यावर ओशाळलो. पण मामा, उलगडा सोपा आहे. ओदुरोंना हृदयाचं दुखणं होतं. डॉक्टरनं घरच्यांना सांगितलं असणार. मोठ्यांनी तोंड उघडेपर्यंत आपल्यात मरण बोलत नाहीत, पण कापड तर वेळेत यायला हवं ना? सुनेनं गुपचूप शोधलं असेल. घाई तुम्हीच केलीत. जिवंत माणसाच्या समाचाराला जाऊन वर जेवून येणारे तुम्ही पहिलेच!

चालत्या जाहिरातीला हात लावू नका. शनिवारी, पंधरा तारखेला, पहाटेच्या व्हॅननं येतोय. आईला पामफळांचं सूप करायला सांगा. आणि स्टँडवर मला घ्यायला येताना कृपा करून रंगीत शर्ट घाला.

तुमची बोलणी खायला आतुर,
क्वाकू

कुमासी, शुक्रवार, १४ ऑगस्ट

चि. क्वाकू, आशीर्वाद.

तुझं म्हणणं मला पटलं होतं. मग त्या यादीत मासेवाल्या सेर्वाचं नाव आलं. धडधाकट बाई, सोमवारी तिनं मला वजनात फसवलं, आणि वर म्हणाली, मास्तर, डोळे तपासून घ्या. मंगळवारी गेली. तिला ना घर, ना मूलबाळ. तिच्यासाठी शोधणार कोण?

त्याच दिवशी मी जाहिरात बंद केली, खातंही मिटवलं. तरी काल कमिशन जमा झाल्याचा निरोप आला. आज दुकानाचा माणूस कापडाचा गठ्ठा घेऊन दारात उभा. घेणाऱ्याच्या जागी माझं नाव, पैसे चुकते. कुणासाठी आहे, म्हणून विचारलं, तर त्यानं गठ्ठ्यावरचं नाव वाचलं आणि टोपी काढली. म्हणाला, मास्तर, हा तुमचा भाचाच ना? फार वाईट झालं.

गठ्ठा मी पलंगाखाली सरकवला आहे. तुझी आई मागे पामफळं कुटते आहे, गाणं म्हणते आहे. मी तिच्यासमोर जायचं टाळतोय.

तुझा फोन सकाळपासून बंद आहे. म्हणून हे पत्र अक्राच्या बसच्या ड्रायव्हरजवळ देतो. रात्री तुझ्या दारात पोचवीन, असं तो म्हणाला. उद्या निघू नकोस. मामा म्हातारपणी भ्याला, असं गावभर सांग, पण घरात बस.

कारणावाचून कार्य नाही, असं मी जन्मभर मुलांना शिकवलं. आज मला कारण कळलं नाही तरी चालेल. तू पहाटे सगळ्यांच्या आधी निघणारा, आणि हा ड्रायव्हर वाटेत प्रत्येक गावाला थांबणारा. मला काळजी एवढीच आहे, की हे पत्र तुझ्या हातात पडेल, की तू निघून गेल्यावर बंद दाराखाली.

न्यामेकये