गुलाब, डांबर आणि ओला पुठ्ठा

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. ताप उतरला, पण अंगातला थकवा काही हलायला तयार नाही. तळघराचा जिना चढताना मध्येच टेकावं लागतं. सर्दी गेली, नाक मात्र अजून जड आहे. परवा स्वयंपाकघरात सूप करपलं. सगळे नाकाला फडकं लावून खिडक्या उघडत होते आणि मी शांतपणे पेले पुसत उभा. आचारी माझ्याकडे बघतच राहिला. मी हसण्यावारी नेलं.

आता कामाचं. मालकांनी इटलीच्या जुन्या लाल वाइनच्या बारा बाटल्या घेतल्यात. बरोलो म्हणतात तिला. ही बाटलीत भरली तेव्हा मी या धंद्यात पाऊलही टाकलं नव्हतं. महिनाअखेरीला हॉटेलात मोठी मेजवानी आहे आणि प्रत्येक ताटाशेजारी एक छापील कार्ड ठेवायचंय. वाइन दिसते कशी, वास कसला, चव कसली, ते सगळं मी लिहायचं. मालक गोड बोलतात, पण वाइनच्या तळघराच्या कामासाठी, म्हणजे माझ्याच जागेसाठी, एक बाई त्यांना भेटून गेल्या. आधी अत्तराच्या दुकानात होत्या म्हणे. मेजवानी होऊ दे, मग बघू, असं मालक मला म्हणाले. म्हणजे माझं काय ते तेव्हाच ठरणार. आमच्या धंद्यात नाक गेलं की माणूस गेला.

चाखून बघायला एक बाटली काल उघडली. त्यातली अर्धी हॉटेलच्या ड्रायव्हरबरोबर तुला पाठवतोय. छोट्या बाटलीत अगदी गळ्यापर्यंत भरली आहे, आत हवा राहिली नाही की चार दिवस टिकते. तू नेहमी म्हणतेस ना, की आमचा भाऊ नक्की कशाचा पगार घेतो ते आम्हाला कधी कळायचं? घे, आता कळू दे. सोबत घडी घातलेल्या कागदावर माझं वर्णन आहे. आधी चाखा, मग वाचा, आणि खरं काय ते कळव. भावोजींना म्हणावं, कृपा करून बर्फ घालू नका.

चिमणीला पापा. लोभ आहेच, तो या थकल्या जिवावर थोडा जास्त असू दे.

तुझा,
धाकटा


९ मार्च

चि. नाकोबास,
अ. उ. आ.

बाटली सुखरूप पोचली. ड्रायव्हरने तिला शेजारच्या सीटवर पट्टा बांधून बसवून आणलं. तुझ्या भावोजींचं म्हणणं, इतकी काळजी त्यांची या घरात कुणी घेत नाही.

माझं म्हणशील तर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून मान आखडली आहे. सगळ्या वर्गाने एकच चूक केली की चूक त्यांची की माझी, हा विचार करून आणखी थकायला होतं. तरी रविवारी दुपारी टेबल आवरलं, आपले पाण्याचे पेले घासूनपुसून घेतले आणि दोघं बसलो. चिमणीला नुसता वास घ्यायची परवानगी होती.

रंग फार आवडला. मध्ये लाल, पण कडेला विटकरी, धुऊन धुऊन विटलेल्या पडद्यासारखा. तोंडात घेतली तर हिरड्या कोरड्याठाक झाल्या आणि गालातून आंबट कळ गेली. वासाचं मात्र रागावणार नसशील तरच सांगते. मला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. मागे शाळेच्या कोठीत नळ फुटून खोकी भिजली होती, ती उघडली तेव्हा आला होता अगदी तस्सा. तुझे भावोजी म्हणाले, फरशी पुसायचं फडकं. चिमणी नाक दाबून पळाली.

मग तुझा कागद उघडला. वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, नुकतंच पसरलेलं डांबर, मुरलेली चेरी, जुनं चामडं! आम्ही दोघांनी एकमेकांची तोंडं बघितली. पुन्हा वास घेतला. हे तर डोळे मिटून पाच मिनिटं पेल्यात नाक खुपसून बसले, दुकानात घड्याळ उघडून बसतात तसे. गुलाब काही आला नाही. शेवटी ठरलं की आमची नाकंच गावठी, त्याला कोण काय करणार. शिक्षकांच्या खोलीत मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की जिथे आम्हाला फडकं आलं तिथे माझ्या भावाला गुलाब सापडतो.

ओतून मात्र देणार नाही हं. हे दुसऱ्या घोटानंतर उठले, मी रोज जेवताना थोडी थोडी घेते आहे. तू आठवणीने पाठवलीस, तर ती टाकायची कशी? बघू, सवयीने तरी गुलाब येतो का ते. अंगावर दुखणं काढू नकोस. आमची आठवण अशीच ठेव.

तुझी,
ताई


१३ मार्च

ती. ताईस,
सा. न.

आधी ती बाटली ओतून दे. मग पुढचं वाच.

तुमची नाकं गावठी नाहीत. ती वाइन बिघडलेली होती. बुचाला एक रोग लागतो, त्याने वाइनमधला सगळा वास मरतो आणि ओल्या पुठ्ठ्याचा तेवढा उरतो. पोटाला त्याचा काही त्रास नाही. पण आमच्याकडचा नवखा वेटरसुद्धा ते पहिल्या आठवड्यात ओळखायला शिकतो, आणि मी त्याच बाटलीवर गुलाब लिहून बसलो.

ताई, तापापासून मला वास येतच नाही. कॉफी म्हणजे गरम कडू पाणी, साबण म्हणजे फेस. त्या कागदावरचा रंग तेवढा त्या बाटलीचा होता. गुलाब, डांबर, चामडं सगळं जुन्या आठवणीतलं, कधीकाळी अशीच एक प्यायलो होतो तिच्यातलं. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित, नाहीही येणार. त्यांच्याशिवाय हे कुणाला ठाऊक नाही. रोज पेल्यावर वाकायचं, डोळे मिटायचे, थोडं थांबून मान डोलवायची. त्या नाटकाने मी इतका दमलोय की संध्याकाळी बूट काढायचंही जिवावर येतं.

कार्ड छापून आलंय. अकरा बाटल्या उरल्यात. मेजवानीला प्रत्येक बाटली ओतण्याआधी हुंगून पाहायचं काम माझं, आणि त्यातली कुठली रोगट आहे हे मला सांगता येणार नाही. सगळ्या उत्तम आहेत म्हणून मोकळं व्हावं असं फार वाटतं. छापलेलं वाचलं की पाहुण्यांना गुलाब येईलच. सांगून टाकावं तर जागा जाते. तू काय करशील?

लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा


१७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ओतायला उरलीच नव्हती. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मी ती संपवली. ठणठणीत आहे, घाबरू नकोस.

मी चिडले आहे. वाइनवरून नाही. इतके दिवस तू एकटाच हे घेऊन बसलास म्हणून. करपल्या सुपाचं लिहिलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी ते वाचून हसले. रात्री तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवायला घेतलं, तर माझ्याच्याने पुढे वाचवेना. ते उरलेलं त्यांनी वाचलं.

तू विचारलंस म्हणून सांगते. मालकांना सांग, आणि मेजवानीच्या आधी सांग. तुझी लबाडी पकडली जाईल म्हणून म्हणत नाही. कदाचित नाहीच पकडली जाणार. पण आम्ही दोघं काय करत होतो ते आठव. वाइन खराब होती आणि नावं आम्ही स्वतःच्या नाकाला ठेवत होतो, कारण तुझा कागद समोर होता. मी तर शहाण्यासारखी ती रोज पीत राहिले. तुझ्या शब्दावर माणसं इतका विश्वास ठेवतात रे. त्या पाहुण्यांना आमच्यासारखं करू नकोस.

जागा गेली तर आमच्याकडे ये. मागची खोली रिकामी आहे, आणि भावोजींच्या दुकानात बोलायला कुणी नसतं म्हणून ते गिऱ्हाइकाला सोडत नाहीत. गुण किती मिळाले ते आधी बघून मग जीव लावणारी मी फक्त वर्गात आहे, घरात नाही.

तुझी,
ताई


११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. मालक इतकंच म्हणाले, की आता बाटल्या कोण हुंगणार? त्या अत्तरवाल्या बाईंना बोलावणं गेलं. मी बुचं काढत गेलो, त्या वास घेत गेल्या. दोन बाटल्यांशी त्यांनी नाक मागे घेतलं. मी विचारलं, ओला पुठ्ठा? त्या दचकल्याच. त्या दोन्ही मोरीत ओतल्या. मेजवानी नीट पार पडली.

तळघर आता त्यांच्याकडे आहे. मला काढलं नाही, पेले, साठा आणि त्यांना शिकवणं एवढं माझ्याकडे ठेवलंय. बाईंचं नाक जबरदस्त आहे, पण वाइनची भाषा त्यांना येत नव्हती. त्या पेल्यावर वाकून म्हणायच्या, बंद पेटीतल्या जुन्या कोटासारखं काहीतरी. मी म्हणायचो, चामडं. त्या म्हणायच्या, औषधाच्या दुकानासारखं, आणि गोडसर. मी म्हणायचो, ज्येष्ठमध. रोज सकाळी असं आमचं चालायचं. त्या वेळात मला आपलं काही गेलंय असं वाटायचंच नाही. दिवसभरात तेवढाच वेळ मी थकत नव्हतो.

आज सकाळी खाली गेलो तर त्यांनी एका नव्या बाटलीचं वर्णन आधीच लिहून ठेवलं होतं. एक शब्द बदलावा लागला नाही. वाचून मनापासून छान म्हणालो, त्याही लहान मुलीसारख्या खूश झाल्या. मग त्यांनी पेला माझ्यापुढे केला आणि तुम्हाला कशी वाटते, असं विचारलं. विसरल्या बिचाऱ्या. मी पेला घेतला, वाकलो, डोळे मिटले, आणि या वेळी मान डोलवली नाही. मला काही येत नाही, असं म्हणून पेला परत दिला आणि वर येऊन जिन्यावर बसून रडलो.

मागची खोली रिकामी असेल तर शनिवारी येतो. थोडे दिवसच. मला काही दाखवू नका, काही चाखायला देऊ नका. नुसतं राहू द्या.

तुझा,
धाकटा