बाबांच्या दिव्याची तिसरी तार

ती. ताई,

तुला नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा. सध्या घरात त्यांचाच हुकूम चालतो म्हणे. भाऊजींचा खोकला (आणि सल्ले) आटोक्यात असतील.

बाबांचा टेबलावरचा लोखंडी दिवा नातीच्या अभ्यासाला हवा, असं तू फोनवर म्हणालीस आणि मी म्हणून बसलो, "दुरुस्त करतो, मग ने." ते शब्द आता गळ्याशी आलेत. आठवतं ना, हात लागला की तो झिणझिण्या द्यायचा आणि बाबा म्हणायचे, "चावत नाही गं, ओळख विचारतो!" म्हणून आपण चपला घालून अभ्यासाला बसायचो. (चपला घालून भूगोल पाठ करणारी गल्लीत आपण दोघंच.)

तर प्लग काढून दिवा उघडला. जुन्या तारेचं आवरण बिस्किटासारखं तुटत होतं. (मी कुणाकडे शिकलो नाही, वस्तू उघडून शिकलो, हे वाक्य भाऊजींना मोठ्याने वाचून दाखव.) तीन तारांची नवी केबल घातली, ती आत जाते त्या भोकाला रबरी कडं बसवलं, ओढली तरी सांध्यावर ताण येऊ नये अशी ती आवळली आणि हिरवी, म्हणजे अर्थिंगची तार, दिव्याच्या तळाला स्क्रूने घट्ट केली. जोड लागला की वाजणारं मीटर लावलं. ढिम्म! कारण मधे रंग. रंगावर अर्थिंग आवळणं म्हणजे हातमोजा घालून नाडी बघणं. खरवडायला बसलो, तर हिरव्याखाली राखाडी आणि राखाडीखाली तुझ्या पहिल्या सायकलचा निळा! (बाबा उरलेला रंग कधी टाकायचे का?) तिथे हात अडला. शेवटी नखाएवढाच निळा काढला, लोखंड चकाकलं, मीटर वाजलं.

मग ऐटीत भिंतीकडे वळलो. लावण्याआधी तपासलं, तर आमच्या भिंतीतल्या सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं, आत तारच नाही! ही म्हणाली, "म्हणजे दिवा सासरी धाडण्याइतका तयार झालाय, माहेरी ठेवण्याइतका नाही."

तुमच्याकडचं अर्थिंग पक्कं आहे. (गेल्या खेपेला भाऊजी झोपले असताना तपासलं होतं.) तेव्हा न्यायाने दिवा तुझा. केव्हाही ने.

तुझा धाकटा

ता. क. वायरमनला बोलावलंय. आमच्याकडेही अर्थिंग होतंय. त्यामुळे घाई नको.

ता. क. आणखी एक. न्यायला भाऊजींना पाठवू नकोस, तूच ये, चार दिवस राहा. संध्याकाळी दिवा लावून समोरासमोर बसू. तो बांधून द्यायला खोकं शोधतोय. फार मनापासून शोधत नाही.