पाइनच्या देव्हाऱ्यातले देव

दिवा (पूर्व),
चैत्र वद्य पंचमी

तीर्थरूप महिपतदादांच्या चरणी धाकट्या तानाजीचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सुखरूप आहोत, पाणी दिवसाआड येतं. तुमचे गुडघे तुम्ही सांगता तेवढे दुखतात की शेवंतीवहिनी सांगतात तेवढे, हे खरं कळवावं.

पत्रास कारण देव. अक्षय तृतीयेला आपली वर्षाची पाळी बदलते, म्हणून कुळदेवांचे टाक घेऊन मी गावी यायचा होतो. पण देव निघत नाहीत. (श्रद्धेच्या अर्थाने नव्हे. खरोखरच निघत नाहीत.)

त्याचं असं झालं. डोंबिवलीच्या ज्या कारखान्यात मी गोदाम सांभाळतो, तिथे परदेशी यंत्रं पाइनच्या खोक्यांतून येतात. गोरं, हलकं लाकूड. लोक जाळायला नेतात. मला ते पाहवेना. साहेबांना विचारून चार फळ्या आणल्या आणि स्वतःच्या हाताने देव्हारा केला. रंग दिला नाही, कारण लाकडाचा वास छान येत होता. एका फळीला तांबूस गाठ होती, अगदी मिटल्या डोळ्यासारखी. मी मुद्दाम तिच्यावरच टाक मांडले. वर शेवटच्या मजल्याचा तापलेला स्लॅब, समोर दोन वेळची समई. परवा पुसायला म्हणून खंडोबा उचलला, तर देव्हारा उचलला गेला. भवानीचंही तेच. चांदी पातळ, ओढली तर वाकणार. तुमच्या भावजयीने, नीलाने, खोबरेल सोडलं. देव चकाकले, हलले नाहीत. तोवर खालच्या मजल्यावरच्या बायका नारळ घेऊन वर आल्या.

शेजारचा सलिल रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळेत आहे. त्याने वास घेतला आणि म्हणाला, "काका, चमत्कार नाही, राळ आहे. गाठीत जास्त असते, तापली की बाहेर येते." मग त्याने सगळ्यांसमोर लाकडाची फोडच करून सांगितली: शंभरातले चाळीसेक भाग सेल्युलोज, ज्याचा कागद होतो, पंचवीस-तीस लिग्निन, जे झाडाला ताठ उभं ठेवतं, उरलेलं बरंचसं साखरेच्या नात्यातलं, आणि राळ अगदी थोडी. बायका नारळ परत घेऊन गेल्या. मी मात्र तिथेच बसून राहिलो. माणसातही ताठ राहण्याचा भाग भरपूर आणि चिकटून राहण्याचा थोडाच घातलेला दिसतो. बाबा गेल्यापासून आपण दोघे देवांच्या पाळीपुरतेच भेटतो, तेही तुमच्या ओसरीवर. न्यायलाही मीच, पोचवायलाही मीच.

तरी यंदा देव तुम्हीच येऊन न्यावेत. मोठ्या भावाच्या हाताला कदाचित ऐकतील.

तुमचा,
तानाजी

ता. क. काल सलिलने टर्पेंटाइनचा बोळा फिरवला, दोन मिनिटांत दोन्ही देव सुटले. (टर्पेंटाइनसुद्धा पाइनच्याच राळेतून काढतात म्हणे.) टाक रिठ्याने धुऊन डब्यात ठेवले आहेत. वरचा मजकूर खोडत नाही, तीन दिवस बसून लिहिला आहे. वहिनींना तेवढाच वाचून दाखवावा.

आणखी ता. क. देव सुटले तरी न्यायला तुम्हीच या. अकरा वर्षं झाली, हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. तुमच्या गुडघ्यांसाठी उंच स्टूल करून ठेवलं आहे. उरलेल्या पाइनचंच आहे, गाठ वरच्या बाजूला घेतली आहे. बसलात की लगेच निघता येणार नाही.