चाल म्हाळूची

शिरूर,
रविवार, २२ जून २०२५

आदरणीय आबांस,
धम्मदीपचा सविनय जयभीम.

इकडे आम्ही ठीक आहोत. नीलमची शाळा सुरू झाली. यंदा तिला पहिलीचा वर्ग दिलाय, त्यामुळे घरी आल्यावर तासभर ती कुणाशी बोलत नाही. तुमच्या गुडघ्याची गोळी चालू आहे ना? सीमाताई म्हणत होती, बरं वाटलं की तुम्ही ती बंद करता आणि दुखायला लागलं की एकदम दोन घेता. तसं करू नका. रेल्वेत गँगमन म्हणून पस्तीस वर्षं रूळ तपासलेत, त्यांची जेवढी काळजी घेतलीत तेवढी गुडघ्याची घ्या.

तुम्ही मागितलेला कागद दीड महिना झाला तरी आला नाही. तुम्ही रागावला असाल. रागावला नसाल तर ते जास्त वाईट. फोनवर तुम्ही विषय काढत नाही आणि मी तर नाहीच नाही. शिरूरहून खुटबावला मोटरसायकलवर असा किती वेळ लागतो? मी दोनदा चौफुल्यापर्यंत आलो, चहा घेतला आणि परत फिरलो. नीलमला सांगितलं, आबा घरी नव्हते. दुसऱ्यांदा तिला ते पटलं नाही. म्हणून लिहितोय. लिहिताना निदान तुमचा चेहरा समोर नसतो.

झालं काय ते आधी नीट मांडतो, कारण तुम्हाला अर्धंच माहीत आहे. एप्रिलमध्ये जयंतीला तुम्ही मुलींच्या शाळेचं गाणं म्हणालात, ताईनं ते मोबाईलवर घेतलं आणि इंटरनेटवर टाकलं. तीन दिवसांत त्या व्हिडिओचा आवाज गेला आणि खाली पाटी आली, की हे संगीत दुसऱ्याच्या मालकीचं आहे. ही पाटी कुणी माणूस लावत नाही, आबा. मशीन चाली जुळवून बघतं आणि जुळली की तोंड बंद करतं. मी मोबाईलवरच्या ज्या खेळाला संगीत देतो, त्यातल्या माझ्या चालीशी ती जुळली. कंपनीच्या नावावर असलेल्या चालीशी.

त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात, "आरं, माझंच गाणं म्या म्हणलं, आन् मशीन म्हणतंय चोरलं. आसं कसं?" मी म्हणालो, काहीतरी गडबड झाली असेल, बघतो. गडबड काय झाली होती ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

मग ज्योतिबाकाकांनी चारचौघांत तुमची फिरकी घेतली. तीस वर्षं तुमच्या शेजारी ढोलकीवर बसलेला माणूस, त्यांच्या मनात काही नसणार. पण "म्हाळूदा, पोरांच्या मोबाईलमधली चाल उचलली व्हय?" हे तुम्हाला लागलं. विहाराच्या बैठकीतही दोघातिघांनी तेच विचारलं. मग तुम्ही मला फोन केलात. "दोन वळी लिहून दे. चाल म्हाळूची हाय, म्या त्याच्याकडनं घेतली, आन् खाली तुझी सही. बास. भांडण न्हाई करायचं कुणाशी." तुमच्या दोन ओळी. त्यांच्यासाठी मी आता कितवं पान लिहितोय बघा.

बारा वर्षांपूर्वी खेळाचा पहिला भाग आला तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं, "खेळाला गाणं कशाला लागतंय? माणूस खेळंल का ऐकंल?" मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आज उत्तर देतो, कारण त्यातच माझी चोरी आहे.

'वाटसरू' खेळात एक मुलगी टपाल घेऊन डोंगर, नद्या ओलांडत जाते. वाटेत पाणपोई लागते, तिथं ती टेकते. सिनेमाचं संगीत करणाऱ्याला माहीत असतं की नायिका कितव्या मिनिटाला रडणार. माझी मुलगी पाणपोईवर दोन मिनिटं बसेल की दोन तास, ते खेळणाऱ्याच्या हातात. तो उठून जेवून येईल, तोवर चाल वाजतच राहणार. शेवटचा सूर संपला की पहिला लागला पाहिजे आणि सांधा कळता कामा नये. चारशे वेळा ऐकून कान विटता कामा नये. लढाईला मी ढोलताशे लावून कितीही दणका उडवला तरी ते कुणाला आठवत नाही. लोकांच्या लक्षात राहते ती दमून बसायच्या जागेची चाल. पहिल्या भागाच्या वेळी मी दोन महिने वीस चाली केल्या. सगळ्या पाच मिनिटांत नकोशा झाल्या. एकविसावी तुमची लावून बघितली. ती लागली ती लागलीच.

मालिका बारा वर्षं चालली की आणखी एक अडचण येते. पहिल्या भागाच्या वेळी दहावीत असलेला पोरगा आता बाप झालाय. नवा भाग उघडला की चार सुरांत त्याला घरी आल्यासारखं वाटलं पाहिजे, पण शिळं वाढलंय असंही वाटता कामा नये. पुण्याच्या ऑफिसात यावर मोठमोठ्या मीटिंगा झाल्या. तिथं मी तुमचं वाक्य माझं म्हणून सांगितलं: धृपद तेच असतं, प्रत्येक कडवं त्याला नव्यानं घेऊन येतं. सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग दुसऱ्या भागात मी ती चाल बासरीवर घेतली. तिसऱ्यात पूर येतो म्हणून खालच्या पट्टीत. चौथ्यात नुसती पेटी. पाचव्यात पाणपोई मोडलेली असते म्हणून अर्धीच चाल, आणि ती पुरी करायला खेळणारे घरात बसून गुणगुणायचे. एका मुलीनं मला लिहिलं, की वडील दवाखान्यात होते तेव्हा ती खेळ खेळायची नाही, नुसती पाणपोईवर बसून राहायची. लोक विचारतात, हे सुचलं कसं? मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं नम्र आहे.

आपल्याकडे चाल कुणी मागून घेत नाही. ज्योतिबाकाकांच्या वडिलांच्या किती चाली तुम्ही म्हणता, आणि तुमच्या चाली दौंडच्या गायन पार्ट्या म्हणतात. माइकवर नाव घ्यायचं, चाल अमक्याची, की झालं. आणि नाव घ्यायचं राहिलंच, तरी शेवटच्या कडव्यात गाणं करणाऱ्याचं नाव असतंच. तुमच्यातही आहे, 'म्हाळू म्हणे लेकी, पाटी सोडू नको'. मी शब्द काढले आणि नुसती चाल घेतली. शब्दांबरोबर तुमचं नाव गेलं, आणि तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नाही. खरं सांगतो, पहिल्या दिवशी नाही आलं. घरातलं ते आपलंच, असं वाटलं.

पण नंतर फॉर्म आला. त्यात विचारलं होतं, ही रचना संपूर्णपणे तुमची स्वतःची आहे काय? हो आणि नाही, अशा दोन चौकटी. मी थांबलो, आबा. तिथं थांबलो म्हणजे मला कळलं होतं. मग 'हो'वर खूण केली. पाचही भागांना केली. त्या खुणांमुळे ती चाल आधी माझी झाली आणि मग कंपनीची.

तुमचा फोन आल्यावर मी ऑफिसात गेलो होतो. रश्मी मॅडम आमच्या आवाजाच्या विभागाच्या प्रमुख, चांगली बाई. त्यांना म्हटलं, मॅडम, पाणपोईची चाल माझ्या वडिलांची आहे. त्यांनी उठून दार लावलं. म्हणाल्या, "धम्मदीप, तू मला हे काही सांगितलेलं नाहीस. सांगितलंस तर मला ते वर कळवावं लागेल. मग तू खोटं लिहून दिलंस असं होईल, आणि सहावा भाग थांबेल. चाळीस माणसं आहेत त्यावर. वडिलांकडे काही जुनं रेकॉर्डिंग आहे? काही लेखी?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मग घरी जा. मी काहीच ऐकलेलं नाही." जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो तरी असतो.

तुमच्या चालीचा कागद जगात कुठंच नाही. माझ्या खोटेपणाचे पाच आहेत. वकिलालाही विचारलं. तो म्हणाला, लिहून दिलंस तर तू अडकशील, वडिलांच्या हाती चाल परत येईलच असं नाही.

आता जे लिहायचं टाळत इथवर आलो ते लिहितो.

फेब्रुवारीत, म्हणजे जयंतीच्या आधीच, सहाव्या भागाची मीटिंग झाली. ठरलं की या वेळी पाणपोईची चाल कुणीतरी म्हणायची, शब्दांशिवाय, नुसत्या आलापात. आवाज शहरी नको, गावाकडचा हवा. वय झालेला, चिरका असला तरी चालेल. रश्मी मॅडम म्हणाल्या, "तू त्या बाजूचा ना? तुझ्या ओळखीत आहे कुणी जुना गाणारा?"

मी म्हणालो, नाही.

तुम्ही केडगावच्या पुढं चार स्टेशनंसुद्धा कधी गाण्यासाठी गेला नाहीत. तुमचा आवाज लाखो लोकांच्या कानात गेला असता, खाली तुमचं नाव लागलं असतं. पण तुम्ही स्टुडिओत उभं राहून पहिली ओळ म्हणाला असता, की काचेपलीकडच्या प्रत्येकाला कळलं असतं ही चाल कुणाच्या गळ्यातली आहे. म्हणून मी म्हणालो, माझ्या ओळखीत कुणी नाही.

मग सत्यजीत नावाचा गायक आणला. तरणा पोरगा, मन लावून गाणारा. या महिन्यात रेकॉर्डिंग झालं, मीच त्याला चाल शिकवली. तिसऱ्या ओळीला तो अडला. म्हणाला, "दादा, इथं काहीतरी कापलंय. इथं मूळ माणूस थांबत असणार. कुठं थांबायचा तो?"

आईला दमा होता. कोरसमध्ये तिसऱ्या ओळीला तिचा श्वास पुरायचा नाही, म्हणून तुम्ही पेटीचा भाता तसाच धरून तिच्यासाठी थांबायचात. ती गेल्यावरही थांबत राहिलात. ते थांबणं खेळाच्या मापात बसत नव्हतं, सांधा कळत होता, म्हणून बारा वर्षांपूर्वी मी ते कापलं. आणि आबा, आता मला ते आठवत नाही. कोणत्या अक्षरावर, किती वेळ, काही नाही. डोक्यात सगळी माझीच सरळ केलेली चाल वाजते. मी बाहेर जाऊन ताईचा व्हिडिओ लावला. त्यात तुम्ही गाताय आणि आवाज नाही. तोंडासमोर माइक आहे, पेटीवर हार पडलेत, हातही दिसत नाही. ताईकडे मूळ व्हिडिओ मागितला तर ती म्हणाली, फोनमध्ये जागा नव्हती म्हणून टाकल्यावर पुसला. आत येऊन मी सत्यजीतला सांगितलं, कुणी थांबत नव्हतं, सरळ म्हण. त्यानं सरळ म्हटलं. दिवाळीत ते बाहेर येईल.

ताईनं मला बुद्धपौर्णिमेचंही सांगितलंय. तुम्ही तिला सांगितलं होतं, धम्मदीपला बोलू नको. विहारात लोकांनी मुलींच्या शाळेच्या गाण्याची फर्माईश केली, आणि तुम्ही तेच शब्द दुसऱ्याच कुठल्या चालीवर म्हणालात. शब्द बसत नव्हते. कोरसवाल्यांना कळेना कुठं उचलायचं. कोरसमधली साळूआत्या मध्येच उठून बाहेर गेली. ज्योतिबाकाकांनी ढोलकी थांबवून विचारलं, "म्हाळूदा, हे काय?" तर तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे रं. पोराच्या नोकरीला काय झालं म्हंजी?"

मी काहीही सांगितलं नव्हतं. तरी तुम्हाला सगळं कळलं होतं. कधी कळलं, आबा? कागद मागितलात तेव्हाच कळलं होतं का? मी द्यावा की नाही हे बघत होतात?

दोन ओळींचा कागद मी देत नाही. देण्याची हिंमत माझ्यात नाही. नोकरीची भीती आहे, चाळीस माणसांची आहे, आणि ज्या मुलीचे वडील दवाखान्यात होते तिला कळेल याचीही आहे. तुम्ही परत ती चाल म्हणा असं सांगायलाही मला तोंड नाही. म्हणालात तर मशीन पुन्हा आवाज बंद करेल, आणि मला ते थांबवता येणार नाही.

पण त्या कागदात जे असायला हवं होतं ते सगळं या पत्रात आहे. माझ्या हातानं लिहिलंय, तारीख वर आहे, सही खाली करतोय. विहाराच्या बैठकीत वाचायला द्या, ज्योतिबाकाकांना दाखवा, ताईला सांगून कंपनीला पाठवा. कुणीही खरं मानेल. हे आता तुमच्या हातात आहे.

तुम्ही ते कुणालाही दाखवणार नाही. घडी घालून ठेवून द्याल. हे मला पक्कं माहीत आहे, आबा, आणि माहीत आहे म्हणूनच मी सही करतोय.

तुमचा मुलगा म्हणवून घेणारा,
धम्मदीप म्हाळू