मेड इन यूएसए

बाबा,

आई म्हणाली, तुम्ही अंबरनाथला आपल्या मोरिवलीत सगळ्यांना सांगता की सुयोग अमेरिकेत क्वालिटी चेक करतो. तसं मीच सांगितलं होतं तुम्हाला. हे पत्र काही मी पाठवणार नाही.

तुम्ही उल्हासनगरला शेठच्या कारखान्यात मिक्सरवर 'मेड इन यूएसए'चे स्टिकर लावायचात. सीझनला काम घरीही यायचं. यूएसए म्हणजे उल्हासनगर, असं अख्खं अंबरनाथ हसायचं आणि शाळेत पोरं मला 'डुप्लिकेट' म्हणायची. मला तुमची लाज वाटायची.

मग सरकारने आयात खुली केली. खरा फॉरेनचा माल तुमच्या मालापेक्षा स्वस्तात रस्त्यावर विकायला आला आणि शेठने शटर पाडलं. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "डुप्लिकेटला आता भाव नाय रे. जिथं ओरिजिनल बनतं तिथं जा." म्हणून मी शिकलो आणि इथे आलो.

इथल्या गोदामात चीनहून मिक्सर येतात. मी गरम हवा मारून त्यांच्यामागचा स्टिकर सोडवतो आणि तिथे दुसरा लावतो. त्यावर काय लिहिलेलं असतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कोपरे मी अंगठ्याने दाबतो, अगदी तुम्ही दाबायचात तसे. ते मला कुणी शिकवायची गरज पडली नाही.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं माल अस्सल असतो ना रे?"

मी म्हणालो, "एकदम ओरिजिनल, बाबा."

तुमचाच डुप्लिकेट,
सुयोग