जाळ्यातली सोवळी

आई, तुझी सोवळी सापडली बहुतेक. बहुतेक म्हणते, कारण माझं डोकं पार चक्रावलंय. देवास गेटच्या घरात, स्वयंपाकघरात मांडणीच्या वर, कोळ्याच्या जाळ्यात दोऱ्याएवढा बारीक किडा राहायचा, आठवतो ना? पुढचे दोन पाय छातीशी दुमडून बाकीच्या चारांवर चालायचा, जाळ्याला जरा धक्का नाही. दिवाळीची झाडझूड चाललीय, मी तिथवर पोचते आणि तू माझ्या हातातला झाडूच धरतेस. "तेवढा कोपरा राहू दे गं. सोवळ्यात आहे ती. बघ, कशी हात आखडून चालते, कशाला शिवत नाही." मग मीही हात आखडून घरभर चालते आणि तू इतकी हसतेस की दूध उतू जातं. ते दूध मग मलाच पुसायला लावायचीस, पण ते असो.

तर आता आम्ही नानाखेड्याला राहतो आणि माझी नात कॉलेजात किडे शिकते. हो, किडेच! परवा फ्रिजच्या वरच्या जाळ्यात तिला अस्साच एक दिसला, तर पोरगी स्टुलावर नाचायलाच लागली. मी तुझी गोष्ट सांगितली. "सोवळी कसली आजी, शिकारी आहे ती! हातांना काटे असतात. कोळ्याने पकडलेला मच्छर चोरून खाते, कधी कोळ्यालाच खाते." अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं तू सांभाळलंस तरी कोणाला?

त्यात हिच्या जाती म्हणे ढीगभर. पुढच्या पायावर काटे कुठून सुरू होतात ते बघायचं, पायांवर पट्टे आहेत का बघायचं, पंख आहेत का बघायचं. मी म्हटलं, चला, समजलं, पंखवाली एक जात, बिनपंखाची दुसरी. तर म्हणे, "तसं नाही ना आजी, एकाच जातीत दोन्ही असू शकतात." मग बघायचे कशाला पंख? मी विचारलं, तर ती अजून समजवायला लागली आणि जे थोडं कळलं होतं तेही गेलं.

तेवढ्यात सून झाडू घेऊन आली. "अहो आई," म्हणजे मी, "दिवाळीला घरात लक्ष्मी आणायची की जाळी?" पोरगी रडवेली झाली. हे अजून पिल्लू आहे, मोठं झाल्याशिवाय जात पक्की सांगता येत नाही, तोवर राहू दे म्हणाली. सून काही ऐकेना. मग माझ्याकडे बघून जरा नरमली. "तुमच्या आईची तीच असेल, तर राहू दे बाबा. पण नीट बघून सांगा हं."

पोरीने भिंग माझ्या डोळ्याला लावलं. "काटे दिसले? तशीच आहे ना, आजी?"

"तीच," मी म्हटलं. "पक्की तीच."

सुनेने झाडू ठेवला. कोपरा राहिला, आई! हा कागद मी फ्रिजवरच ठेवते, तिच्या जाळ्याखाली. तुला म्हणून सांगते, भिंगात मला माझी पापणीच तेवढी दिसली, भली मोठी.