इथल्या कॉलेजचा अर्ज

आई,

लॉ कॉलेजांची प्रवेश परीक्षा नऊला आहे, म्हणून तुला न उठवताच निघते. दूध तापवून ठेवलंय. गुडघ्याचं तेल खिडकीत आहे. समोरच्या काकू त्यांचा निळा पडदा न्यायला येतील, तो घडी करून शिलाई मशीनवर ठेवलाय.

काल जेवताना तू म्हणालीस, "दादा शिकायला गेला तो तिकडचाच झाला. तूही तशीच जाशील." मी परीक्षेच्या पुस्तकातल्या तर्काच्या धड्यातून मान वर न करता म्हटलं, "एका माणसावरून सगळ्यांचा नियम काढलास, आई. हा चुकीचा युक्तिवाद." तू भरल्या ताटावरून उठलीस. मी मात्र तसलेच पुढचे बारा प्रश्न सोडवत बसले, आणि बाराही बरोबर आले.

त्याच धड्याच्या शेवटी लिहिलंय, की युक्तिवाद चुकला म्हणून निष्कर्ष खोटा ठरतोच असं नाही. ते मी तुला वाचून दाखवलं नाही. कारण इथल्या कॉलेजचा अर्ज मी भरलेलाच नाही, फक्त बाहेरगावचे भरलेत. भरला म्हणून सांगितलं, ते खोटं होतं.

सहापर्यंत घरी येते. तेव्हा काय बोलायचं ते बोल, मी गप्प बसून ऐकेन.

धाकटी